कमानीवरचा शेतकरी

क्रॉफर्ड मार्केटात शिरणाऱ्याची नजर बहुधा समोरच्या फळांच्या राशींवर असते. तरीही दारात क्षणभर थांबून मान वर करावी. कमानींवर उठावशिल्पं आहेत, त्यांत गव्हाच्या शेतात राबणारी माणसं. ती घडवली लॉकवुड किपलिंग यांनी. ते रस्त्यापलीकडच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. बाजाराच्या दर्शनी भागावर व्यापाऱ्याचं वैभव मिरवणं सोपं होतं. इथं मानाची जागा पिकवणाऱ्याला मिळाली आणि गिऱ्हाईक त्याच्या पायाखालून आत जातं. या इमारतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

इमारत १८६९ सालची, आराखडा विल्यम इमर्सन यांचा, नाव तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं. त्याच दशकात फोर्टचा तट पाडला गेला होता आणि शहर मोकळा श्वास घेत होतं. कुर्ल्याच्या पिवळसर दगडात वसईचा तांबडा दगड बसवला आहे. घड्याळाच्या मनोऱ्याचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र आतलं उंच छप्पर अधिक थोर वाटतं. समुद्राकाठच्या दमट हवेत फळ टिकवायचं तर वारा खेळता हवा आणि पारखायचं तर वरून उजेड हवा. दोन्हींची सोय छपरानंच केली आहे. आंब्याच्या दिवसांत गवतात मांडलेल्या हापूसवर तो उजेड पडला की पिकल्या सालीची छटा अचूक कळते. घाऊक व्यापार १९९६ साली वाशीला गेला. किरकोळ विक्री इथं चालू राहिली. आतल्या कारंज्यावरही किपलिंग यांचा हात फिरला आहे. ते गाळ्यांच्या दाटीत हरवतं, पण शोधून पाहावं असं आहे.

पुढे मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं आणि दारावरचं शिल्प नव्यानं वाचावंसं वाटू लागलं. किपलिंग यांचा शेतकरी देखणा आहे, कामात रमलेला आहे. त्या चौकटीत सावकार नाही, सारा वसूल करणारा नाही. फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते सगळे आहेत आणि शेतकरी त्यांच्याकडून नागवला जातो आहे. शिल्पानं जे चौकटीबाहेर ठेवलं, ते या नावामुळे दारात येऊन उभं राहतं. मुंबईकर अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. मला मात्र त्या कमानींखालून जाताना फुल्यांचंच नाव आठवतं.