'कोयता' : हत्यार ते जोडपे

बीड जिल्ह्यात, विशेषतः बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, 'मुकादमाकडं औंदा किती कोयते?' असे विचारतात तेव्हा हत्यारे मोजायची नसतात. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको.

कानडीत 'कोय्' म्हणजे कापणे. आपला शब्द त्याच घरचा दिसतो. मोल्सवर्थच्या 1857च्या कोशात तो हत्यारच आहे. जोडप्याचा अर्थ साखर कारखान्यांच्या काळात आला. अलंकारशास्त्री याला लक्षणा म्हणून मोकळे होतील. पण फडात वार घालतो तो बहुधा नवरा. पाचट सारणे, वाढ्याने मोळी बांधणे, ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे हे बाईकडे. नाव पडले ते त्याच्या हातातल्या वस्तूचे. मराठीत 'कोयती' आहे, पण ती लहान कोयत्याला. बाईला कोणी कोयती म्हणत नाही.

तरी ती नसली की शब्द लगेच हिशेब मागतो. एकटा गडी 'अर्धा कोयता' ठरतो, उचल कमी मिळते. मुलांची लग्ने हंगामाआधी उरकण्याची घाई या अर्ध्यातही आहे.

एकीचा खाडा दोघांच्या हिशेबात पडतो. 2019मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीतला खाडा परवडत नाही, हे बायका सांगत आल्या आहेत.

नव्या कोशात या शब्दापुढे नुसते 'जोडपे' लिहिणे मला अपुरे वाटते. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, एवढे तरी तिथे यायला हवे.