काळा आहे, एवढंच?

अमेरिकेत गराज सेल पालथे घालायची सवय असेल, तर ती पिशवी तुम्ही नक्की पाहिली असेल. ख्रिसमसच्या दिव्यांचा गुंता, कधीच न वापरलेला वॅफल मेकर आणि टेबलाखाली सारलेली एक जड, पोट सुटलेली पिशवी. चेन उघडली की आत बोलिंगचा बॉल. किंमत पाच डॉलर. विकणारा सांगतो, व्हिंटेज आहे. कशावरून? ‘काळा आहे ना!’

माझी तक्रार या ‘काळा आहे ना’बद्दल आहे. जुने बॉल जमवणारी बरीच मंडळी आधी रंग बघतात, मग चकाकी आणि सवड उरली तर कोरलेली अक्षरं. हा क्रम उलटा करायला हवा. बॉलवर सर्वात आधी नजरेत भरतं, तेच सर्वात कमी भरवशाचं असतं.

काळ्याचंच घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे गोळे लाकडाचे असत, लिग्नम व्हिटे नावाच्या पाण्यात बुडणाऱ्या लाकडाचे. १९०५च्या सुमारास एव्हरट्रू हा कडक रबराचा बॉल आला आणि १९१४मध्ये ब्रन्सविकने आपला मिनरलाइट गाजवला. पुढची पन्नासेक वर्षं रबराचंच राज्य होतं. ब्रन्सविकचा ब्लॅक ब्यूटी त्याच घराण्यातला, आणि गराज सेलमध्ये भेटणाऱ्या काळ्या बॉलमध्ये तो बऱ्याचदा निघतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९८१मध्ये एएमएफने अँगल हा यूरेथेनचा बॉल बाजारात आणला, आणि त्या लाटेत फॅबॉलचा ब्लॅक हॅमर आला, कोलंबियाचा ब्लॅक यू-डॉटही आला. हेही काळेच. म्हणजे आजोबांचा काळा आणि नातवाचा काळा एकाच फळीवर शेजारी शेजारी बसलेले असतात. विकणाऱ्याला दोन्ही सारखेच व्हिंटेज.

मग फरक कसा कळायचा? कडक रबर वय लपवत नाही. उजेड आणि हवा लागून त्याचा काळा रंग हळूहळू तपकिरीकडे झुकतो, कधी त्यावर हिरवट झाक येते. अंगठ्याने जोरात चोळून वास घेतला तर गंधकाचा हलका दर्प येऊ शकतो. भारतात शाळेत एबोनाइटचं फाउंटन पेन वापरलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. पदार्थ तोच आहे. म्हणून मी म्हणेन, काळा किती काळा आहे ते बघू नका, कुठे काळा राहिलेला नाही ते बघा. सतत पिशवीच्या तळाशी टेकलेला भाग आणि उजेडाकडचा भाग यांत फरक दिसला तर तो बॉल तुमच्याशी बोलायला लागलाय असं समजा.

रंगीत बॉलची गंमत वेगळी. साठच्या दशकापासून पॉलिएस्टर आलं आणि बॉल काचेच्या गोट्यांसारखे दिसू लागले: आत ढगासारखी वळणं, मोत्याची झाक, कधी आरपार पारदर्शक. दिसायला हे मला सगळ्यात आवडतात, हे कबूल करतो. पण ओळख पटवायला रंग इथेही दगा देतो. मूळचा पांढरा कालांतराने पिवळट होतो आणि जाहिरातीत ‘दुर्मीळ क्रीम रंग’ म्हणून झळकतो. मोबाइलच्या फोटोत मरून तपकिरी दिसतो. शिवाय एकच नाव कंपन्या वर्षानुवर्षं चालवतात. कोलंबियाचा व्हाइट डॉट कित्येक रंगांत निघाला आणि अगदी अलीकडेपर्यंत विकला जात होता. व्हाइट डॉट सापडला म्हणजे सत्तरचं दशक सापडलं, असं नव्हे.

त्याच कोलंबियाच्या यलो डॉटमध्ये मात्र एक सुंदर अपवाद आहे. काही बॉलमध्ये त्या पिवळ्या ठिपक्याचा रंग भोवताली पाझरलेला दिसतो. शौकीन त्यांना ‘ब्लीडर’ म्हणतात आणि हौसेने शोधतात. कारखान्यात ज्याला दोष म्हटलं असतं, तीच आज ओळखीची खूण झाली आहे. रंगाबद्दल मला आदर वाटतो तो इथे, कारण हा रंग कुणी ठरवून दिलेला नाही.

काही गोष्टी तर डोळ्यांना दिसतच नाहीत. १९७३मध्ये डॉन मॅक्यून यांनी बॉल रसायनात भिजवून त्याचा पृष्ठभाग मऊ केला. मऊ बॉल लाकडी लेनला जास्त धरतो, जास्त वळतो. त्या मोसमात त्यांनी सहा विजेतेपदं मिळवली. त्यानंतर बॉलच्या कडकपणावर मर्यादा आली. भिजवलेला बॉल आणि न भिजवलेला बॉल शेजारी ठेवा. रंग तोच, चकाकीही तीच. फरक सांगते ती ड्युरोमीटरची सुई.

चकाकीबद्दल थोडक्यात. ती वय सांगत नाही. बॉल शेवटचा कुणी, कशाने घासला तेवढंच सांगते. प्रो शॉपमधल्या फिरत्या यंत्रावर सँडपेपरने दहा मिनिटांत आरशासारखा बॉल मॅट होतो आणि पॉलिशने पुन्हा आरसा. ‘ओरिजिनल फिनिश’ असं लिहिलेलं वाचलं की मी पुढे सरकतो.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, हात पोळल्यावर बोलतोय. शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला निघाल्या, तेव्हा नवऱ्याचे दोन बॉल त्यांनी मला दिले. एक इतका मळकट होता की मी तो उत्साहाने एका प्रो शॉपमध्ये नेला आणि ‘नव्यासारखा करा’ म्हणालो. त्याने केला. मूळची झिजलेली अक्षरं त्यात गेली. कंपनीचं नाव गेलं, त्याखालचा अनुक्रमांक गेला आणि बोटांच्या भोकांवर बारीक कोरलेलं आजोबांचं नावही गेलं. दुकानदाराची चूक नाही, मी मागितलं तेच त्याने दिलं. आजींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

तर खुणा. बॉल हातात आला की तो ओल्या फडक्याने पुसा, बाकी काही लावू नका. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरा. पुसट अक्षरांवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून वरची झटका, खाचांत उरलेली वाचता येते. ‘ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर’ असं लांबलचक नाव दिसलं तर बॉल बहुधा १९६०च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव ब्रन्सविक कॉर्पोरेशन झालं. आणि अनुक्रमांक तुच्छ समजू नका. २०२२मध्ये अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने, म्हणजे यूएसबीसीने, पर्पल हॅमर या बॉलच्या २०१६ आणि २०१७च्या उत्पादनावर बंदी आणली, कारण ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा मऊ निघाले. सगळे जांभळेच, बाद कोण ते ठरलं अनुक्रमांकाच्या पहिल्या अंकावरून, ६ किंवा ७.

मग भोकं. हे संग्राहकांच्या याद्यांत फारसं येत नाही, आणि मला तर तोच सर्वात बोलका भाग वाटतो. दोनच भोकं, अंगठा आणि मधलं बोट, असतील तर जुनी पद्धत. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असतील तर एक प्रकारची पकड, पहिल्या पेरापर्यंतच जात असतील तर दुसरी. वेगळ्या रंगाची गोल चकती दिसली तर जुनं भोक बुजवून नव्या हातासाठी पुन्हा पाडलंय. कुठलंच बोट जाणार नाही असं एखादं जादा भोक असेल तर ते तोल साधायला पाडलेलं. ऑगस्ट २०२०पासून स्पर्धांमध्ये ते चालत नाही. बॉल कारखान्यात गोल होतो, पण तो कुणाचा आहे हे भोकं पाडल्यावर ठरतं.

आजींनी दिलेला दुसरा बॉल मी घासलेला नाही. तोही काळाच आहे, एका बाजूला तपकिरी. भोकं तीन, अंगठ्याच्या भोकात जुन्या पांढऱ्या टेपचे दोन थर आहेत, खेळता खेळता अंगठा सुकला की आत चिकटवतात तशा. माझा अंगठा त्यात जात नाही. टाल्कम लावून पाहिलं, तेव्हा भोकांच्या वर आडनावाची पहिली दोन अक्षरं वाचता आली.