सैल हाताचं शास्त्र

मार्च १९८५मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात 'इम्पिडन्स कंट्रोल' हा शोधनिबंध तीन भागांत छापून आला: सिद्धान्त, अंमलबजावणी, उपयोग. लेखक एमआयटीचे नेव्हिल होगन, मूळचे डब्लिनचे. समीकरणांत शिरण्याआधी मी एका गोष्टीपाशी थबकतो. जी कामं वस्तूशी झोंबल्याशिवाय होतच नाहीत, ती करणारे म्हणून होगन यांच्या नजरेसमोर दोघं होते: कारखान्यातला रोबो आणि कृत्रिम हात लावलेला माणूस. ही जोडी उगाच जमलेली नाही. आदल्याच वर्षी त्यांनी कोपराच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळून आपण हात ताठ कसा करतो, यावर लिहिलं होतं.

फळ्यावर खडूनं लिहायचं आहे असं समजा. रोबोला फक्त जागा सांगितली आणि फळा दोन मिलिमीटर अलीकडे निघाला, तर खडूचा भुगा होणार. फक्त जोर सांगितला आणि फळा तिथे नसलाच, तर हात हवेत सुसाट सुटणार. होगन म्हणतात, दोन्ही प्रश्न अपुरे आहेत. हात कुठे असावा किंवा त्यानं किती रेटावं, हे विचारण्याऐवजी कोणी आडवं आलं तर त्यानं वागावं कसं, ते ठरवा. म्हणजे त्याचा ताठरपणा किती, हिसके जिरवण्याची ताकद किती, जडपणा किती. या वागणुकीला त्यांनी वीजशास्त्रातला 'इम्पिडन्स' हा शब्द लावला.

त्यामागचा युक्तिवाद मला निबंधातली सर्वांत देखणी जागा वाटते. समोरची वस्तू ढकलता नेहमीच येते, पण ती हलेलच असं नाही. कडी लावलेलं दार कितीही रेटा, ते जागचं हलत नाही. म्हणजे जग जोर घेतं आणि हालचाल देतं. मग हातानं उलट व्हायला हवं: हालचाल घ्यावी, जोर द्यावा. एवढ्या साध्या निरीक्षणावर तीन भागांचा डोलारा उभा आहे. (गणिती निबंध वाचताना हसू फुटावं असे प्रसंग थोडे. हा त्यातला एक.)

पुढे याच विचारातून एमआयटी-मॅनस हे यंत्र आलं. नाव एमआयटीच्या लॅटिन ब्रीदवाक्यातलं. 'मॅनस' म्हणजे हात. होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी ते पक्षाघातानं हात लुळा पडलेल्यांसाठी घडवलं. रुग्ण मूठ धरतो आणि पडद्यावरच्या मध्यबिंदूपासून भोवतीच्या ठिपक्यांकडे हात नेतो. यंत्राची खरी करामत मात्र सैलपणात आहे. रुग्णानं उलट ढकललं, तर ते बिनतक्रार मागे सरतं. कारखान्यातल्या नेहमीच्या रोबोशी असली सलगी करायला कोणी धजणार नाही.

निकालांचं काय? २०१०मध्ये या यंत्राचा अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२७ रुग्ण होते. बारा आठवड्यांनंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबो ठळकपणे सरस ठरला नाही. छत्तीस आठवड्यांनंतर थोडी सरशी दिसली, पण तितकाच कसून व्यायाम माणसानं करवून घेतलेल्या गटावर ती नव्हतीच. २०१९मध्ये ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीतही नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताची कार्यक्षमता अधिक सुधारली नाही. चाहत्यांनी हे आकडे गिळून टाकू नयेत. पण माणसाइतकाच कसून व्यायाम न थकता घेणारं यंत्र ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे, असं माझं मत आहे.

आकडे बाजूला ठेवूनही मी परत परत पाहतो ती याच यंत्रासाठी २००३मध्ये मांडलेली एक रचना. ठिपक्यापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना न दिसणाऱ्या, स्प्रिंगसारख्या भिंती. हात भरकटला की त्या त्याला हळूच आत लोटतात. मागे आणखी एक भिंत, आणि ती चालते. निरोगी हात ज्या लयीनं, हिसका न देता, पुढे सरकतो, त्याच लयीनं ती ठिपक्याकडे जाते. लहान मूल पाटीवर गिरवताना आईचा हात त्याच्या मुठीवर असतो ना, तशीच. हात रेंगाळला तर ती मागून टेकते आणि त्याला घेऊन जाते. आणि रुग्णाचा हात तिच्या पुढे निघाला, तर ती त्याला आवरत नाही. तिचा स्पर्शसुद्धा त्याला होत नाही.