‘जंतुनाशक’ या संज्ञेची चिकित्सा : दाताच्या जिवंत पेशींच्या संदर्भात

मराठीतील वैद्यकीय संज्ञांची चर्चा बहुधा त्या सुबोध आहेत की दुर्बोध, संस्कृतप्रचुर आहेत की रूढ, एवढ्याच अंगाने होत आली आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली. तेव्हापासूनच्या परिभाषाविषयक वादांचा बराचसा भाग या एकाच प्रश्नाने व्यापलेला दिसतो. परंतु एखादी संज्ञा पूर्णतः सुबोध असूनही वस्तुस्थितीविषयी भलती समजूत रुजवू शकते, आणि तिची सुबोधताच त्या समजुतीला बळ देते. ‘जंतुनाशक’ ही अशी संज्ञा होय. दंतवैद्यकात तिच्या वापराने काय घडते याचा विचार केला असता प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही, असे आढळून येते.

संस्कृतात ‘जंतु’ म्हणजे जन्मलेला, अर्थात् कोणताही प्राणी. ‘जन्’ धातूपासून तो शब्द साधला आहे. मराठीत ‘जीवजंतू’ या जोडशब्दात हा व्यापक अर्थ अद्याप शिल्लक आहे. पुढे अर्थसंकोच होत गेला. पोटात होतात ते ‘जंत’, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते रोगाचे ‘जंतू’. या शेवटच्या अर्थाने शब्द स्थिर झाल्यावर त्याला ‘नाशक’ हे उत्तरपद जोडण्यात आले. वाचकाच्या मनात त्यामुळे शत्रू ठरलेला असतो, आणि औषध त्या शत्रूपुरतेच चालते असे गृहीत धरले जाते. व्युत्पत्तीने पाहिले तर शब्दाचा अर्थ ‘जे जे जन्मले त्याचा नाश करणारे’ असा होतो, आणि दातांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या तीव्र द्रावणांना हा जुना अर्थच अधिक लागू पडतो, हे मोठे चमत्कारिक आहे.

‘नाशक’ या पदाची मराठीतील इतर कुळे पाहिली म्हणजे हा दोष अधिक उठून दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा हे तालुक्याचे गाव गुजरातच्या सीमेलगत, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अशा गावातील कृषी सेवा केंद्रात तणनाशक घेणारा शेतकरी दोन प्रश्न हटकून विचारतो : हे कोणत्या पिकात चालते, आणि एका पंपाला किती मिली घ्यायचे? ‘तणनाशक’ या शब्दातही पिकाचा उल्लेख नाही. पण जे तण मारते ते पीकही जाळू शकते, ही गोष्ट अनुभवाने शब्दाला चिकटलेली आहे. ‘जंतुनाशका’ला असा अनुभव चिकटलेला नाही. दवाखान्यात, फरशीवर, विहिरीत, तोंडात, सर्वत्र तो शब्द एकाच अर्थाने वावरतो. जिवंत ऊतीवर वापरावयाच्या द्रव्यासाठी परिभाषेत ‘पूतिरोधक’ असा निराळा शब्द आहे खरा. व्यवहारात मात्र तो कोणी उच्चारीत नाही.

दाताच्या आतील पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व निरनिराळ्या पेशी असलेला मऊ भाग असतो. कोणी त्याला दंतगर म्हणतात, कोणी दंतमज्जा. दवाखान्यात सरळ ‘नस’ म्हणतात. ‘दाताची नस मारणे’ हा मराठी वाक्प्रचार आज आलंकारिक वाटतो. एके काळी तो शब्दशः खरा होता. १८३६ साली न्यूयॉर्कच्या स्पूनरने दाताची नस मारण्यासाठी सोमल सुचविला, आणि ही पद्धत पुढे अनेक दशके चालली. १९०४ साली बक्ली याने फॉर्मोक्रेसॉल आणले. लहान मुलांच्या दुधाच्या दातांत ते विसाव्या शतकात सर्रास वापरले गेले. त्यातील फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. या सर्व काळात दंतगर ही रोगाची जागा मानली गेली, आणि जागा मारली की रोग मेला, असा हिशेब होता. त्या हिशेबात जिवंत पेशींचे रकानेच नव्हते.

जंतुनाशक द्रव्ये जिवंत पेशींनाही मारतात ही गोष्ट नवी नाही. पहिल्या महायुद्धात बूलोन येथील प्रयोगशाळेत काम करताना फ्लेमिंग यांना असे आढळले की, खोल व वेड्यावाकड्या जखमांत ही द्रव्ये जंतूंपर्यंत पोचत नाहीत, परंतु जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचा मात्र फडशा पाडतात. १९१९ सालच्या आपल्या व्याख्यानात त्यांनी ही गोष्ट निःसंदिग्धपणे मांडली. त्याच युद्धात डेकिन या रसायनज्ञाने सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण तयार केले. जंतू मरावेत आणि ऊतींची होरपळ कमीत कमी व्हावी, हाच त्यामागील हेतू होता. पुढे दंतवैद्यांनी तेच द्रव्य दाताच्या मुळातील नलिका धुण्यासाठी घेतले, आणि त्याची तीव्रता पाच-सहा टक्क्यांपर्यंत नेली. द्रव्य तेच राहिले. डेकिनचा विचार गळाला. नलिकेच्या टोकाबाहेर हे तीव्र द्रावण निसटले तर तीव्र वेदना व सूज येते, हे प्रत्येक दंतवैद्यास ठाऊक असते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रौढ माणसाच्या पूर्ण वाढलेल्या, आतून सडलेल्या दातात राखण्याजोग्या पेशी उरलेल्याच नसतात. तेथे जंतू मागे ठेवणे हाच खरा धोका होय, व तीव्र द्रावणाविरुद्ध ओरड करणे अस्थानी ठरेल. प्रश्न उद्भवतो तो लहान मुलाच्या कायमच्या दातात. दात हिरडीतून वर आल्यावर त्याचे मूळ पूर्ण होण्यास साधारण तीन वर्षे लागतात. तोवर मुळाचे टोक उघडे असते आणि त्यापाशी असणाऱ्या पेशींवर मुळाची पुढील वाढ अवलंबून असते. प्रौढ माणसाच्या दंतगरात मूळपेशी असतात हे २००० साली दाखविण्यात आले. २००३ साली त्या दुधाच्या दातांतही सापडल्या. त्यानंतर मेलेल्या दातात पुन्हा जिवंत ऊती वाढविण्याची उपचारपद्धती पुढे आली, आणि धुण्याच्या द्रावणाकडे प्रथमच दुहेरी दृष्टीने पाहणे भाग पडले. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स या संस्थेच्या सूचनांत अशा दातासाठी हायपोक्लोराइटची तीव्रता १.५ टक्के दिली आहे. दर नलिकेस २० मिलिलिटर, पाच मिनिटे, आणि त्यानंतर १७ टक्के ई. डी. टी. ए. ने धुणे. मुळाच्या टोकाच्या पेशी सहा टक्के द्रावणानंतर कमी जगतात, आणि दीड टक्क्यानंतर ई. डी. टी. ए. वापरल्यास अधिक जगतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. २०११ सालच्या एका प्रयोगात २ टक्के क्लोरहेक्सिडीनने धुतलेल्या मुळांत तर जिवंत पेशी उरल्याच नाहीत. आणि क्लोरहेक्सिडीन हे सौम्य म्हणून चुळा भरण्यास दिले जाणारे द्रव्य आहे! अर्थात् चुळेच्या औषधात ते ०.२ टक्के असते. दहापट अंतर एका शब्दाआड दडते ते असे.

हे प्रयोग मराठीत सांगताना ‘अमुक द्रावण सुरक्षित ठरले’ असे वाक्य लिहिले जाते. व्याकरणदृष्ट्या ते पूर्ण आहे, अर्थदृष्ट्या अपूर्ण. ‘सुरक्षित’ हे विशेषण साकांक्ष आहे. कोणासाठी, किती तीव्रतेला, किती वेळ, ही तीन पदे त्याला लागतात. शिवाय प्रयोगशाळेत पेशी ‘जिवंत’ असल्याचे जे सांगितले जाते, तेही अनेकदा अनुमान असते. नेहमीच्या चाचणीत एक पिवळे रंगद्रव्य पेशींच्या चयापचयाने जांभळे होते. त्या जांभळेपणाची मात्रा मोजून जिवंतपणाचा आकडा काढतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा आकडा नियंत्रित नमुन्याच्या ७० टक्क्यांखाली गेला तरच द्रव्य पेशींना घातक समजावयाचे. म्हणजे शंभरातील तीस जांभळेपणा गमावूनही द्रव्य ‘घातक नाही’ या वर्गात बसू शकते. काचेच्या तबकडीत दंतिनही नसते आणि रक्तप्रवाहही नसतो. दंतिन द्रावणाचा जोर काही अंशी शोषून घेते, म्हणून तबकडीतील निष्कर्ष दातावर जसाच्या तसा लादणे हेही तितकेच चुकीचे. ‘सुरक्षित’ व ‘घातक’ या दोन्ही शब्दांची घाई सारखीच आहे.

‘नैसर्गिक’ या विशेषणाचेही असेच. कडुनिंबाची व बाभळीची दातवणे सातपुड्याच्या परिसरात अपरिचित नाहीत, आणि दुखऱ्या दातात लवंगेचे तेल तर घरोघरी घालतात. पण त्या तेलातील युजेनॉल उघड्या दंतगरावर थेट पडले तर तेथे दीर्घकाळ दाह राहतो, व पेशीही मरतात. झाडपाल्यातून आले म्हणून द्रव्य पेशींना ओळखीचे होत नाही.

अक्कलकुव्याचे उदाहरण येथे घेण्यास कारण आहे. या एका गावात औषधनिर्माणशास्त्राचे व युनानी वैद्यकाचे शिक्षण चालते, म्हणजे तेथे इंग्रजी व उर्दू परिभाषा नांदते. बाजार मराठी, हिंदी व गुजरातीत चालतो. आणि तालुक्यातील बहुसंख्य लोकांच्या घरी भिलीची निरनिराळी रूपे बोलली जातात. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात १९०७ साली भिली बोलींचे नमुने प्रसिद्ध केले. त्या सर्वेक्षणाच्या ठरीव शब्दयादीत ‘दात’ आहे, दाताचे दुखणे नाही. आजही पाड्यावरून आलेल्या आईला उपचार समजावून सांगणाऱ्याजवळ एकच शब्द असतो : ‘औषध’. ‘दातात औषध घालतो.’ मराठीत हा शब्द मूळचाच दुतोंडी आहे. रुग्ण औषध घेतो, शेतकरी औषध फवारतो, आणि कोणी औषध प्याला म्हटले की गावाचा ऊर धडधडतो. ऐकणारी आई पहिला अर्थ घेते, आणि बाटलीत जे असते ते दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळचे असते. ग्रामपंचायत विहिरीत जी टी. सी. एल. पावडर टाकते, तिच्यातील क्लोरीनच या बाटलीतही आहे, एवढे सांगितले तरी तिला नेमके कळेल. त्या पावडरीचा वास व हाताला होणारी आग तिच्या परिचयाची असते.

दोन गोष्टींमुळे हा प्रश्न या भागात अधिक निकडीचा होतो. हायपोक्लोराइट उष्णतेने व उजेडाने विघटित होते. ज्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे बाटलीवर छापलेला टक्का व बाटलीतील टक्का यांची फारकत होत जाते. मग द्रावण दुबळे झाले असेल म्हणून कोणी अंदाजाने कमी पाणी घालतो, आणि ताजी बाटली आली की तोच अंदाज पेशींच्या मुळावर येतो. दुसरी गोष्ट सिकल सेल आजाराची. नंदुरबारच्या आदिवासी समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबून, न किडलेल्या दाताचाही गर मरू शकतो हे वैद्यकात नोंदले गेले आहे. अशा मुलाचा दात बाहेरून धड दिसतो. तो उघडल्यावर आत काय जिवंत आहे व काय नाही, यावर द्रावणाची तीव्रता ठरावयास हवी. ‘जंतुनाशक’ हा शब्द नेमका तेथेच काही सांगत नाही.

नवा शब्द घडविणे हा यावरील सर्वोत्तम उपाय आहे असे दिसत नाही. ‘जैवनाशक’ म्हटले तर शब्द सत्याच्या जवळ जाईल, पण तो कोशातच पडून राहण्याची भीती अधिक. त्यापेक्षा पाठ्यपुस्तकांत, बाटलीवरील पट्टीत व संमतिपत्रात ‘जंतुनाशक’ हा शब्द एकटा न वापरता त्याच्यापुढे द्रव्याचे नाव, टक्का, मिनिटे व ‘उघड्या मुळाच्या दातात चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढी चार पदे सक्तीने लिहिणे अधिक व्यवहार्य होय. ‘चालते’ हे क्रियापद शेतकऱ्याच्या तोंडचे आहे व शास्त्रीय लेखनात ते हलके मानले जाते. तरी ‘सुरक्षित’ या विशेषणात नसलेला ‘कोठे’ हा प्रश्न त्याच्याबरोबर आपोआप येतो.