जाहिरातीची पायरी

दिवाळी अंकातल्या जाहिरातींना नावे ठेवण्याची आपली हौस जुनी आहे. कथा ऐन रंगात यावी आणि समोर पानभर दागिने नाही तर मसाले यावेत, हे कोणास आवडेल? परंतु या जाहिरातीचा एक गुण आपण कधी ध्यानी घेतला नाही. ती आपली पायरी सोडीत नाही. पान उलटले की ती मागे राहते. तिचे पैसे अंक निघण्याआधीच ठरलेले असतात. वाचकाने तिच्याकडे पाहिले की नाही, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

इंटरनेटवरील जाहिरातीचे बाळपणही असेच सोज्वळ होते. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत 'हॉटवायर्ड'ने आपल्या पानांवर पट्टीवजा जाहिराती लावल्या. त्यांतली एटी अँड टी कंपनीची पट्टी पुढे प्रसिद्धी पावली. जागेचे भाडे मुदतीवर, म्हणजे व्यवहार थेट छापील अंकाचाच. नवे एवढेच की, पट्टीवर टिचकी मारता येई आणि किती जणांनी मारली हे मोजता येई. साऱ्या बिघाडाचे मूळ मला या मोजणीत दिसते.

जाहिरातदाराला तिची चटक लागली. टिचकी पडेल तेवढेच पैसे देईन, असे तो म्हणू लागला. मग प्रकाशकाने वाचकाच्या बोटाखालीच जाहिरात सरकवावयास आरंभ केला. पट्टीची खिडकी झाली, खिडकी मजकुरावर चढली, चित्रे आपोआप बोलू लागली आणि ती मिटविण्याची फुली मोहरीएवढी झाली. 'पॉप-अप'ची जन्मकथा तर मोठी गमतीची आहे. एथन झुकरमन 'ट्रायपॉड'मध्ये काम करीत असता एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तेव्हा जाहिरातीचा मजकुराशी संबंध दिसू नये म्हणून त्यांनी ती निराळ्या खिडकीत टाकली. सोवळे राखण्यासाठी योजलेली ही युक्ती पुढे इतकी जाचक झाली की, २०१४ साली झुकरमन यांनी लेख लिहून जाहीर क्षमा मागितली.

वाचकाने सूड उगवला तो जाहिराती अडविणारी साधने बसवून. त्यात उर्मट खिडकीबरोबर बिचारी पट्टीही गेली आणि तिच्यावर पोट असलेले लहान प्रकाशक भरडले गेले. जाहिरातदाराच्या पदरी काय पडले? फुली शोधताना चुकून पडलेल्या टिचक्या! १५ फेब्रुवारी २०१८ पासून गूगलच्या क्रोमनेच काही उपद्रवी प्रकार अडवावयास सुरुवात केली. उपाय चांगला, पण जाहिरातींचा एवढा मोठा व्यापार करणाऱ्यानेच पंचाच्या आसनावर बसावे, हे मला रुचलेले नाही.

तरीही या धटिंगणापेक्षा मला भय वाटते ते बहुरूप्याचे, लेखाचा वेष घेऊन लेखांच्या पंक्तीत बसणाऱ्या प्रायोजित मजकुराचे. जानेवारी २०१३ मध्ये 'द अटलांटिक' या नामांकित मासिकाने सायंटॉलॉजी पंथाचा असा मजकूर आपल्या संकेतस्थळावर घातला आणि गहजब होताच तो काढून चूक कबूल केली. (झुकरमन यांचा क्षमालेखही पुढे याच स्थळावर आला, हा योगायोग!) मजकुरावर 'प्रायोजित' अशी चिठ्ठी होती, परंतु वाचक चिठ्ठी वाचीत नाही, पोशाख पाहतो. खिडकी मिटविता येते. या पाहुण्याला मात्र यजमानाने स्वतः हात धरून पाटावर बसविलेले असते, आणि मग शेजारचा खरा लेखही वाचक संशयानेच वाचू लागतो.