‘पॉझिटिव्ह’ आणि ‘वाहक’ : रक्तपरीक्षेच्या परिभाषेचा एक परामर्श

प्रयोगशाळेचा अहवाल हाही एक मजकूर आहे. त्याचीही समीक्षा व्हावयास हवी. फैजपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि पुढे धुळे-नंदुरबारकडे, भिल्ल व पावरा वस्त्यांत सिकलसेलची रक्तपरीक्षा होते. तिच्या परिभाषेतील दोन शब्दांचा येथे विचार करावयाचा आहे.

रक्तातील प्रथिनावरून रोग ओळखणे, म्हणजे आजच्या भाषेत ‘जैवसूचक’ शोधणे, याचे एक आरंभीचे व स्वच्छ उदाहरण हाच रोग होय. रुग्णाचे हीमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निराळ्या रीतीने सरकते, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. हा भेद एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे पडतो, हे व्हर्नन इंग्रम यांनी १९५७ साली सिद्ध केले.

परीक्षेच्या पायऱ्या दोन. पहिली विद्राव्यता चाचणी. विशिष्ट द्रावणात रक्ताचा थेंब टाकला असता सदोष ‘एस’ हीमोग्लोबिन विरघळत नाही. द्रावण गढूळ होऊन नळीमागील रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी स्वस्त असून गावातच करता येते. म्हणून ती त्याज्य नव्हे. मात्र ती ‘आहे की नाही’ एवढेच सांगते. ‘किती आहे’ हे सांगणे इलेक्ट्रोफोरेसिसचे अथवा एचपीएलसी यंत्राचे काम. दोष एकाच पालकाकडून आला असेल, तर ‘एस’चे प्रमाण साधारणतः ३५ ते ४० टक्के असते आणि नेहमीचे ‘ए’ त्याहून अधिक. सिकलसेल दोन्ही पालकांकडून आला असेल आणि बाहेरचे रक्त दिलेले नसेल, तर ‘ए’ आढळतच नाही. पहिला मनुष्य सहसा निरोगी जगतो. दुसऱ्याच्या वाट्याला तीव्र वेदना व रक्तक्षय येतो. नळीत मात्र दोघांचेही द्रावण गढूळच!

या दोघांना ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द लावणे म्हणजे मापनापूर्वीच निकाल देणे होय. त्याचे मोल विवाहाच्या बोलणीत द्यावे लागते. वस्तुतः एका पालकात हा गुण असून दुसरा सर्वस्वी दोषमुक्त असेल, तर अपत्यास हा रोग होत नाही. दोघांतही गुण असल्यास प्रत्येक गर्भधारणेत तो संभव २५ टक्के असतो. म्हणजे संदिग्ध शब्दाने निरोगी मुलीचे लग्न मोडू शकते, आणि जेथे खरोखर सल्ला हवा तेथे तो मिळत नाही.

‘वाहक’ शब्दावरील आक्षेप निराळा. मराठीत रोगवाहक म्हटले की डास वा माशी डोळ्यांपुढे येते. संसर्गाची छाया त्या शब्दावर आहे. सिकलसेल तर स्पर्शाने पसरत नाही. ‘गुणधारक’ हा शब्द अधिक निर्दोष वाटतो. रूढ शब्द बदलल्याने घोटाळा होईल, असे कोणी म्हणेल. तो आक्षेप मान्य करूनही, शब्दाखाली अर्थाचे एक वाक्य छापण्यास अडचण कोणती?

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेविले आहे. एवढ्या लोकांच्या हाती जाणाऱ्या कागदावर पहिल्या चाचणीनंतर ‘पॉझिटिव्ह’ऐवजी ‘निर्णय बाकी, दुसरी तपासणी आवश्यक’ असे लिहावे. जे मोजलेले नाही ते शब्दाने सांगू नये, हा नियम भाषेचा तसाच विज्ञानाचाही आहे.