पट, पलटण आणि आशयनियम

भाषाव्यवस्थेची कल्पना विशद करताना सोस्यूरने दिलेला बुद्धिबळाचा दाखला चिन्हमीमांसेच्या अभ्यासकांना परिचित आहे. लाकडी मोहऱ्यांच्या जागी हस्तिदंती मोहरे ठेवले तर व्यवस्थेला धक्का लागत नाही. मोहऱ्यांची संख्या बदलली तर मात्र खेळाचे व्याकरणच बदलते. या दाखल्यात एक गृहीतक दडलेले आहे. मोहऱ्याचे नाव आणि त्यामागची कथा हीदेखील हस्तिदंताच्याच बाजूला पडते, असे ते गृहीतक. आपला उंट इंग्रजीत बिशप होतो, आपला हत्ती तिकडे किल्ला होतो, आणि तिरप्या-सरळ चालीत तसूभरही फरक पडत नाही. आशय वरचा, नियम आतला, अशी ही विभागणी आहे.

देशी बुद्धिबळातच तिला छेद जातो. प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की पाश्चात्त्य नियमाप्रमाणे खेळाडू त्याचे हवे ते मोहरे करतो, म्हणजे बहुधा वजीरच. देशी रिवाजात ज्या घरात ते पोचले त्या घरच्या मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे: घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. पराक्रमाचे फळ येथे वतनासारखे जागेला बांधलेले आहे. समाजरचनेविषयीचे एक विधान मोहऱ्याच्या आकारात किंवा नावात न राहता चालीत उतरले. अशा नियमाला 'आशयनियम' म्हणता येईल.

विज्ञानकाल्पनिक युद्धपटाच्या खेळांत हा प्रकार विपुल आढळतो. रिक प्रीस्टली यांनी रचलेला 'वॉरहॅमर ४०,०००' हा इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉपचा खेळ १९८७ साली प्रसिद्ध झाला. काळ एकेचाळिसाव्या सहस्रकाचा. मानवी साम्राज्य कुजत चाललेले, धर्मांध आणि अखंड युद्धात गुंतलेले. लहान बाहुल्यांच्या पलटणी टेबलावर मांडायच्या, अंतर फूटपट्टीने मोजायचे, निकाल फाशांनी लावायचा. प्रत्येक सैन्याचे स्वतंत्र पुस्तक असते, अर्धे कथन आणि अर्धे नियम. खेळाडूने सैन्य एखाद्या कथासूत्राला बांधून घेतले, म्हणजे एकाच दलाचे, एकाच देवतेचे, एकाच प्रदेशाचे केले, की त्याला काही लाभ आणि काही बंधने देणारे खास नियम लागू होतात. त्यांचे मूल्यमापन सामान्यतः दोन तऱ्हांनी होते: नियमाने सैन्य जिंकते का, किंवा नियम कथेशी इमान राखतो का. पहिली तऱ्हा आशयाला हस्तिदंत मानते. दुसरी नियमाला कथेखालचे चित्र मानते, आणि 'आशय थोर म्हणून कृती थोर' या आपल्याकडच्या जुन्या समीक्षेच्या वळणावर जाते. दोन्ही अपुऱ्या आहेत.

२००८च्या ऑर्क सैन्याच्या पुस्तकातील झुंडीचा नियम पाहावा. इतर सैन्यांत धैर्य हा शिपायाचा ठरलेला अंक असतो; दोन फाशांची बेरीज त्याच्या आत आली तर तुकडी टिकते. ऑर्कांना मात्र त्या अंकाऐवजी झुंडीत उरलेल्यांची संख्या वापरता येई, आणि अकरा किंवा अधिक उरले असतील तर कसोटीच नाही. धैर्य व्यक्तीचे नाही, जमावाचे. म्हणून माणसे पडू लागली की ते क्षणाक्षणाला आटते. हे निवेदकाने सांगावे लागत नाही. बाहुल्या उचलता उचलता खेळाडूलाच ते मोजावे लागते. प्रतीती म्हणतात ती याहून वेगळी काय असणार?

२००९च्या इम्पीरिअल गार्डच्या पुस्तकातील कमिसारचा नियम अधिक अस्वस्थ करणारा आहे. तुकडी धैर्याच्या कसोटीत नापास झाली, तर तिच्यासोबतचा कमिसार तिच्याच म्होरक्याला गोळी घालतो आणि कसोटी पुन्हा घेतली जाते. कथनात ही क्रूरता उपरोधाने येते, वाचक तिच्यापासून अंतर राखू शकतो. पटावर तीच एक फायद्याची चाल होते. साम्राज्याचे तर्कशास्त्र खेळाडूच्या हिशेबात शिरते. तो ते नाकारत नाही, वापरतो. उपरोध नियमात उतरल्यावर टिकतो का, हा साहित्यशास्त्राचाही प्रश्न आहे. माझ्या मते तो निम्माच टिकतो. बाहुली उचलताना खेळाडू हसतो आणि पुढल्या डावात कमिसार पुन्हा घेतो.

सगळेच नियम या तोलाचे नाहीत. २००४च्या स्पेस मरीन पुस्तकात खेळाडूने आपल्या दलासाठी एखादा गुण घ्यायचा आणि त्याबदल्यात एक वैगुण्य पत्करायचे, अशी योजना होती. कल्पना चांगली, पण एक वैगुण्य असे होते की मित्रसैन्य घेता येणार नाही. ज्याला ते घ्यायचेच नव्हते त्याला ही किंमत फुकट पडली. त्यागाचा शब्द राहिला, त्याग गेला. नियमाचे रूप घेतलेला हा निव्वळ अलंकार होय. भवानी पेठेसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत हा भेद शिकवावा लागणार नाही: सोलापुरी चादरीची नक्षी वरून छापलेली नसते, ती विणीतच असते आणि म्हणून उलट्या बाजूलाही रंग पालटून उमटते.

याउलट २००२च्या केऑस स्पेस मरीन पुस्तकात देवतेच्या पवित्र संख्येएवढी तुकडी ठेवली की तिचा म्होरक्या बिनमोल मिळे. खोर्नची संख्या आठ, नर्गलची सात. आठ ही रणदृष्ट्या सोयीची संख्या असेलच असे नाही. वृत्तात बसवण्यासाठी कवीने शब्द शोधावा तसा खेळाडू तुकडी आठात बसवू लागे, आणि त्या खटाटोपातच तो भक्त होई. समतोल ढळतो अशी तक्रार या पुस्तकाविषयी होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु मर्ढेकरांनी लयीच्या तत्त्वांत संवाद आणि विरोध यांच्याबरोबर मांडलेला समतोल म्हणजे दोन पारड्यांतले सारखे वजन नव्हे. २००७च्या पुस्तकाने दलांचे हे खास नियम काढून टाकले. पारडी कदाचित सारखी झाली. दले मात्र रंगापुरती वेगळी उरली.

२०२३च्या आवृत्तीने तिसरी वाट धरली. वेगवान चढाईची रचना, एके काळी जी व्हाइट स्कार्स दलाची ओळख असे, ती आता कोणत्याही रंगाच्या स्पेस मरीन सैन्याला निवडता येऊ लागली. नियम नामापासून सुटला. सोस्यूरच्या बाजूने पाहिले तर ही शुद्धी आहे, कारण हस्तिदंत आणि व्याकरण पुन्हा वेगळे झाले. पण त्या रचनेतील वेग कोणाचा, त्या वेगामागची गवताळ मैदाने कोणती, हे आता पटावर घडत नाही; ते पुस्तकाच्या कथनाच्या पानांवर वाचावे लागते, आणि तेही वाचणाऱ्यालाच.